बबनचा आवाज डिस्कवर उतरलाच नाही

आमच्या चौथीच्या वर्गात माझा बालमित्र बबन कविता म्हणायला उभा राहिला की मागच्या बाकावर बोटांचा ठेका सुरू व्हायचा. तो ठेका आज दिवसभर कानात घुमतोय, मित्रहो.

गेल्या वर्षी टीव्हीवाल्यांनी आमच्या अवसरी गावात येऊन बबनकडून शाळेतल्या कविता म्हणवून घेतल्या. तो कार्यक्रम मी घरच्या रेकॉर्डरमध्ये साठवला. पुढं त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. मी भेटायला गेलो, तर त्यानं कागदावर लिहिलं, ‘एकदा ऐकव.’ ‘डीव्हीडीच करून देतो,’ मी म्हणालो.

आज ती डिस्क करायला बसलो. तासाभराचा कार्यक्रम उतरायला तासच लागतो. लाईट बाराला जाते, म्हणून सकाळी दहालाच सुरू केलं. साडेदहालाच लाईट गेली!

“आबा, लोडशेडिंगचं टाईमटेबल कालपासून बदललंय. पेपरात व्हतं की,” सूनबाई म्हणाली.

लाईट आली ती झटका देऊनच. रेकॉर्डर पुन्हा सुरूच होईना. सगळं घेऊन जुन्नरच्या बाजारात दुरुस्तीवाल्याकडं गेलो.

“डिस्क अर्धवट हाय, लागणार न्हाई. मशीनमधलंबी समदं गेलं.”

“काहीच निघणार नाही?”

“आबा, कविता पाठ करायच्या असत्यात राव, मशीनमंदी नाय ठेवायच्या!” तो हसला.

मला सगळ्या पाठ आहेत हो. पण त्या माझ्या आवाजात.

तुमच्यापैकी कुणी तो कार्यक्रम साठवलाय का?

हे लिहीत होतो तोच कडी वाजली. ऑपरेशनपासून घराबाहेर न पडलेला बबन दारात उभा. गळ्याला मफलर, आणि काखेत डीव्हीडी प्लेअरचं नवंकोरं खोकं.