पेडल परिवाराचा शेवटचा माणूस

नंदकिशोर परबांनी सायकल चालवण्याआधी ती बिल्डिंगला दाखवली. लिफ्टमध्ये उभी करून वर नेली, खाली आणली, परत वर नेली. तोवर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी भाजीची पिशवी घेऊन खाली ताटकळत होत्या. परब पन्नाशीचे, मूळचे कणकवलीकडचे, घाटकोपरला विमा कंपनीत नोकरी. आधी ते हास्यक्लबात होते, मग सोसायटीचे सेक्रेटरी, मग ट्रेकिंगवाले. प्रत्येक ठिकाणी फोटोत मधोमध उभं राहायला मिळेपर्यंत टिकले. समोरच्या दारात राहणाऱ्या शीतलने हे सगळे अवतार पाहिले होते. हा अवतार घट्ट चड्डीचा होता. कोथिंबीर आणायलासुद्धा ते त्याच चड्डीत जात.

‘पेडल परिवार’ हा त्यांचा सायकल क्लब. दर रविवारी उजाडताना पंचवीस-तीस माणसं मुलुंड पूर्वेला जमतात, बॅनर धरून फोटो काढतात आणि मग नाइलाजाने सायकलवर बसतात. परब त्यांचे स्वीप. स्वीप म्हणजे राईडमध्ये सर्वांत शेवटी राहणारा. कुणाची हवा गेली, कुणाला धाप लागली, तर त्याच्यापाशी थांबायचं आणि त्याला घेऊनच पुढे जायचं. स्वीपच्या मागे कोणी राहायचं नाही, हा क्लबचा मुख्य नियम. हे काम परबांकडेच का आलं, ते शीतलला न सांगता कळलं होतं. ऐरोली पुलाच्या चढावर ते तसेही सगळ्यांच्या मागेच असत. क्लबने त्यालाच पद म्हटलं आणि माणूस फुगला.

शीतलची मुलगी श्रुतिका कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. तिने क्लबात नाव घातलं तेव्हा शीतलच्या डोळ्यांपुढे फक्त डंपर आले. परबांनी जिन्यात तिला थांबवून धीर दिला.

“वहिनी, ती माझ्या पुढे असेल. माझ्या पुढे म्हणजे घरात असल्यासारखी.”

त्या रविवारी नेरूळपर्यंतची राईड होती. शीतल ओट्याशी उभी राहून क्लबचा व्हॉट्सॲप ग्रुप बघत होती. चहाच्या टपरीवर सगळे पोचले की स्वीपने तसं कळवायचं, अशी पद्धत. परबांचा मेसेज आला, ‘स्वीप पोचला. सगळे सुखरूप.’ शीतलने गॅसवर कुकर चढवला. मग फोटो आला. बॅनर, अंगठे, दात आणि मधोमध परब. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, एकेक हेल्मेट तपासलं. श्रुतिकाचं पिवळं हेल्मेट कुठेच नव्हतं.

मुलीचा फोन लागेना. तिने परबांना लावला.

“परब, श्रुतिका कुठेय?”

“आहे ना, वहिनी. माझ्या मागेच आहे.”

“तुमच्या मागे?”

“येतेय हळूहळू. चेन अडकली होती तिची. म्हटलं तू ये, मी पुढे जाऊन फोटो थांबवतो.”

“आणि थांबवलात?”

“लोकांना उन्हाच्या आत परतायचं असतं ओ. त्यात कॅप्टनची मिसळ गार होत होती.”

शीतलने फोन ठेवला नाही, कापला. कुकरखालचा गॅस बंद केला, स्कूटरची किल्ली घेतली. पुलाच्या तोंडाशी पोचली तेव्हा कुठे श्रुतिकाचा फोन आला. ती पुलापलीकडे, रस्त्याच्या कडेने सायकल ढकलत चालली होती. बाजूने ट्रक जाताना तिचा आवाज बुडत होता.

“आई, ओरडू नको. चेन निघत नाहीये.”

“नाही ओरडत. आहेस तिथे थांब. आत हो कडेला. अजून आत.”

दोघींनी मिळून चेन सोडवली. चिखलाने आणि ग्रीसने शीतलचा गाऊनवरचा दुपट्टा कायमचा गेला. मग श्रुतिका सायकलवर पुढे आणि शीतल स्कूटरवर तिच्या मागे, अशा घरापर्यंत आल्या. वाटेत क्लबचं कोणी भेटलं नाही. ग्रुपवर संध्याकाळी आलं, ‘आजही एकही सदस्य मागे राहिला नाही. स्वीप परब यांचे विशेष आभार.’ खाली टाळ्यांची रांग. परबांनी हात जोडले होते.

दुसऱ्या दिवशी ते लिफ्टमध्ये भेटले, सायकलीसकट. शीतल चाकाच्या आणि आरशाच्या मध्ये चेपून उभी राहिली.

“काल तुम्ही पोचलात तेव्हा मागे कोण होतं, परब?”

“मागे कोणी नसतं, वहिनी. मी शेवटचा.”

“मग श्रुतिका?”

परबांनी खरोखर विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला.

“हां, तिला फोटोचं वाईट वाटलं असणार. पुढच्या रविवारी तिला मधोमध उभी करतो. माझी जागा देतो, बास?”

शीतलने रात्रभर जुळवलेली वाक्यं तिच्या तोंडात होती. या माणसावर ती उधळायची तिला लाज वाटली.

“ती येणार नाही. ती आणि तिची मैत्रीण दिशा, दोघीच जाणारेत. एक थांबली की दुसरी थांबते, एवढं येतं त्यांना.”

“दोघीच?” परबांनी अगदी मनापासून काळजीने विचारलं. “मग स्वीप कोण?”