लहानूभाऊच्या पिकअपमधला एसी

मे महिन्यात माह्यासारखं काम कोनीच करू नये बाप्पा! सेलूच्या नाक्यावर मी गाड्यायचे एसी दुरुस्त करतो. दिवसभर उन्हात उभा राहून लोकायले थंडी देतो अन् मी मात्र भाजून निघतो. पाय सुजतेत, डोकं भणभणते. त्यात नवतपा लागला, वर्षातले सर्वात कडक उन्हाचे नऊ दिवस, अन् लहानूभाऊ तिसऱ्यांदा दारात.

"जय भीम मिस्त्री. एसी थंड नाई करून राह्यला."

"अजून?" मी हातातला पाना आपटला.

लहानूभाऊची पिकअप एकोणनव्वद सालची. वांगे, टमाटे, सांभाराच्या हिरव्या जुड्या, सारं तिच्यातूनच वर्ध्याच्या बाजारात जाते. डाव्या सीटवर कायम सुलोचनावहिनी. रस्त्याची उजवी बाजू तो पाहे, डावी ती. "सायकल हाये", "बकरी हाये", "दाबा ब्रेक". अर्धी गाडी तीच चालवे. मागच्या मे महिन्यात वर्ध्याहून येतानी तिले ऊन लागलं. लहानूभाऊ गळ्यातला दुपट्टा भिजवून भिजवून तिच्या डोक्यावर ठेवत होता, तरी तीन दिवस सलाइनवर होती. डॉक्टरनं बजावलं, उन्हाळ्यात हिले या डब्यात बसवू नका.

बाकीचा उन्हाळा त्यानं एकट्यानं काढला, अन् दोनदा गाडी नालीत घातली.

यंदा होळी झाली अन् तो माह्याकडे आला. "एसी बसवून दे मिस्त्री. नाई जमलं तं गाडी भंगारात देतो. रिकाम्या सीटशी बोलत गाडी नाई चालत माह्याच्यानं."

त्या गाडीत एसी? पाय ठेवाच्या जागी भोकं, त्यातून डांबर दिसे! भंगारातल्या कारचा कंप्रेसर आनला, त्याच्यासाठी लोखंडी पट्टी कापून वेल्डिंग केली, डॅशबोर्डखाली कॉइल टांगली, भोकं पत्र्यानं बुजवली. पंधरा दिवस गेले. नाक्यावरचे पोट्टे हसून राह्यले, "लहानूभाऊ, आता गाडीले पावडर-टिकली पन लावा!"

गाडी नेली, अन् चार दिवसांत परत. मी एसीतला गॅस पायला, पूर्ण भरलेला. दुसऱ्यांदा आला तं बेल्ट बदलला. मजा अशी, की दुकानात मी एकटा आत बसलो की गारेगार, अन् ते दोघं बसले की भट्टी. माह्या तं डोक्याचं भजं झालं.

"उद्या सकाळी भंगारवाला येऊन राह्यला," लहानूभाऊ म्हने. वहिनी गाडीतच बसून होती, तोंड लालभडक. मले दोघायचाही राग आला, अन् दोघायची कीवही आली.

"चला, मी येतो संगं."

मी दोघायच्या मधात बसलो, गिअर गुडघ्यात. केळझरच्या रस्त्याले लागलो. एसी फुल, तरी कानावर गरम झळ. पायतो तं काय! वहिनीकडची काच चार बोटं उघडी. लहानूभाऊकडचीही चार बोटं.

"वहिनी, काच काऊन उघडी ठेवली?"

"मंग? घरी कूलर लावला का खिडकी उघडी ठेवा लागते. नाई तं जीव घुसमटते. आतली हवा जाईन कुठून?"

मी कपाळावर हात मारला. काखेत कळसा अन् गावाले वळसा! चूक त्यायची नाई, माहीच. माह्या घरीही जन्मभर कूलरच, खिडकी उघडी ठेवल्याबिगर मी झोपत नाई. तरी गाडी देतानी एवढं सांगाचं मले सुचलं नाई.

दोन्ही काचा वर केल्या. केळझरची टेकडी दिसू लागली तसा वहिनीनं पदर आवळला.

"अवो, थंडी वाजून राह्यली. तुमचा दुपट्टा द्या."

लहानूभाऊनं सवयीनं पान्याची बाटली उचलली.

"ओला नोका करू," ती म्हने. "कोरडाच द्या."

त्यानं दुपट्टा काढून माह्यावरून तिच्या हाती देला. मंग जोरात नाक ओढलं. डोळे भरून आलते त्याचे, समोरचं काही दिसत नसन, कारण तेवढ्यात वहिनीच ओरडली.

"बकरी हाये! दाबा ब्रेक!"