विचारण्याचे काम

शैला गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्याच केंद्राविषयी एका परदेशी वकिलातीला तिसरे स्मरणपत्र लिहीत होतो. धाकटा भाऊ मोहन दारात उभा राहून म्हणाला, “अण्णा, पेन ठेव. शैला गेली.” मी वाक्य पूर्ण केले, कारण अर्धे वाक्य टाकून उठणे मला जमत नाही... मग पेन ठेवले.

आमच्या लालबागच्या खोलीत ती पहिल्यांदा आली, ती मोहनला एचआयव्हीची लागण झाल्याचे कळल्यावर. आईने त्याचा पेला नाव कोरून खिडकीत वेगळा ठेवला होता. नायगावच्या चाळीतली ही तरुण विधवा आईने दिलेले पाणी शांतपणे प्यायली. मग खिडकीकडे पाहत म्हणाली, “आई, मलापण मोहनसारखंच आहे. आता हा पेलापण खिडकीत ठेवणार? असं केलंत तर घरात भांडी पुरायची नाहीत.” आईला हसू आवरले नाही. त्या संध्याकाळी मोहनचा पेला मांडणीवर इतरांत गेला.

शैला परळच्या एका केंद्रात काम करी. गोळ्या सरकारी रुग्णालयातून मिळत. लोक त्या घेतात की नाही, हे दारोदार जाऊन विचारणे हे तिचे काम. त्या विचारण्याचा पगार समुद्रापलीकडच्या एका सरकारच्या जागतिक मदतनिधीतून येई. तो एका आदेशासरशी थांबला. पूर्वसूचना नाही, कुणाची बाजू ऐकून घेणे नाही. भाडेकरूला खोलीबाहेर काढायचे तरी कायदा नोटीस मागतो. मी दोन्ही सरकारांना लिहिले. आपल्याकडून उत्तर आले : औषधपुरवठा सुरळीत आहे. खरे आहे. गोळ्या थांबल्याच नव्हत्या. थांबले होते ते विचारणे, आणि त्याविषयी त्या उत्तरात एक ओळ नव्हती.

“अण्णा, इंग्रजीत तुम्ही फार सभ्य होता,” शैला म्हणायची. “मराठीत शिव्या लिहा ना.”

केंद्राला कुलूप लागल्यावर ती दादरला कापडाच्या दुकानात लागली आणि सुटल्यावर जुन्या दारांवर जातच राहिली. खोकत होती. “कपड्यांची धूळ आहे हो,” म्हणायची. रजा मिळेना, तपासणी लांबत गेली. केंद्र असते, तर सोबतिणींनी तिला हाताला धरून नेले असते... क्षय फार उशिरा कळला.

तिसरे पत्र मी नंतर पाठवले. मागणी तीच ठेवली. वस्तुस्थितीत झालेला एक बदल मात्र कळवला.

रात्री फोन करून ती मोहनला गोळीचे विचारी. गेले काही आठवडे मी विचारतो. परवा तो म्हणाला, “अण्णा, नोटीस बजावल्यासारखं नको रे विचारू. ती आधी जेवणाचं विचारायची.”

काल आम्ही समोरासमोर बसूनच जेवलो होतो. तरी मी विचारले, “जेवलास का रे?”

मोहन उठला, मांडणीवरचा हाताला लागला तो पेला नाव न बघता घेतला, आणि त्यात गोळीसाठी पाणी ओतले.