कॉइल पुरी होईपर्यंत

नाशिक रोडला एका टपरीत एक माणूस पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचा. बोटाला चिंधी बांधून तो तांब्याची तार गुंडाळत असायचा, आणि कॉइल पुरी होईपर्यंत कोणालाही उत्तर देत नसे. एकदा त्याने मोटारीचं बटण बंद करताच आत ठिणगी उडाली. मी दचकलो. तो म्हणाला, "कॉइल हाय ती, साहेब. करंट एकदम चढू देत नाय, अन् एकदम थांबू बी देत नाय."

पुढे रस्ता रुंद करताना टपरी पाडली, तेव्हा तो नुसता उभा राहून बघत होता. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पोतं अंथरून मोटार भरत बसलेला दिसला.

"आता कुठे जाणार?" मी विचारलं.

त्याने कॉइल पुरी केली, बोटाची चिंधी सोडली आणि तिनेच डोळे पुसू लागला.