पोकळ नळी

शेजारची वैशाली दोन हात लांब उभी राहून आमच्या कढीपत्त्यावरच्या अळीचा फोटो काढत होती. कॅमेरा आणि लांबड्या लेन्सच्या मधे तिनं एक नळी बसवली होती. तशीच दुसरी नळी मी हातात घेऊन बघितली, तर आत काचच नाही.

"फसवलं गं तुला दुकानदारानं."

"पोकळच असते आबा. मधे जागा वाढली की जवळचं मोठं दिसतं. लांबचं मात्र काहीच दिसत नाही."

बरंच आहे की. बायको गेल्यापासून मी लांबचंच बघत बसलोय, एकट्यानं पुढं कसं जगायचं ते. जेवण तर नकोच वाटतं. मी कॅमेऱ्याला डोळा लावला. हिरवीगार अळी निवांत पान खात होती. बघता बघता मलाही भूक लागली.

"वैशाली, पोहे टाकतो. कढीपत्ता तोड, पण तिचं पान सोडून."