भावोजींचा दुसरा पेला

भावोजी गेले त्याला आता महिना होत आला. तेराव्याला चामराजपुरमच्या आमच्या घरी माणसं जेवून विडा खात बसली होती, आणि तिथंच वाद सुरू झाला. रिसाल्यातले जुने सोबती म्हणत होते, "यशवंतराव शेवटपर्यंत आमच्यात बसून घेत होते, आता मेल्यावर त्यांना साधू करू नका." भजनी मंडळी म्हणत होती, "छे हो, त्यांनी केव्हाच सोडली होती." मी पानाचं तबक घेऊन उंबऱ्याशी उभी होते. दोन्ही बाजू चुकत होत्या, आणि दोघांनाही समजावत बसायचा मला मनस्वी कंटाळा आला होता. भावोजी हयात असताना मी दुसरं केलं काय? यशवंतरावांनी, माझ्या धाकट्या दिरांनी, दारू सोडलेली नव्हती. कमी केली होती. एक पेला घ्यायचा आणि थांबायचं. एवढी साधी गोष्ट... पण ती म्हैसुरात कुणाच्या गळी उतरली नाही, आणि सगळा ताप झाला तो मला!

महाराजांच्या घोडदळात ते दफेदार होते. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, तेव्हा राहायला आमच्याकडेच. संध्याकाळी दारापुढच्या जगलीवर, म्हणजे तिथल्या दगडी कट्ट्यावर, त्यांचे सोबती जमायचे, बाटली निघायची. भावोजी पिऊन कधी आरडाओरडा करत नसत. मुकाट्यानं आत येऊन न जेवता झोपून जायचे, आणि मी त्यांचं ताट झाकून ठेवायची. मग एके दिवशी ते पागेतून वेळेआधीच परतले आणि स्वयंपाकघराच्या दारात बसले.

"वहिनी, लगाम चढवताना हात हलतो माझा. घोडी मान वळवून बघते."

मी म्हटलं, "मग सोडून द्या ना एकदाची. डोंगरावर देवीसमोर शपथ घ्या."

"शपथ घेतली तर मोडेन. मी मला ओळखतो. एक घेईन, दुसरा नाही."

"आणि बाकीचे पीत बसतील तेव्हा तुम्ही काय करणार? त्यांची तोंडं बघणार?"

"तेच विचारायला आलोय," ते म्हणाले. "दुसऱ्या पेल्यात काय घालू?"

झालं! त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. पहिल्यांदा ताक दिलं. ते बघून केशवराव, म्हणजे त्यांचे सगळ्यांत जवळचे मित्र, उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "स्वामी, मठात जाऊन बसा." लिंबाचं सरबत केलं तर दात आंबले. गोळीच्या बाटलीतला सोडा आणला तर सोबत्यांना वाटे, नुसता सोडा देणं म्हणजे मित्राचा अपमान; भावोजींची नजर चुकवून कुणीतरी त्यात बाटली वाकडी करायचंच. कॉफी आवडली, पण मग झोपेचं खोबरं. दुधाचं नाव काढलं तेव्हा मात्र स्वतःच म्हणाले, "दुधाचा पेला हातात धरून लढाईच्या गोष्टी सांगता येत नाहीत, वहिनी." मी वैतागून म्हटलं, "मग नळाचं पाणी प्या!" तेही त्यांनी करून पाहिलं. नुसत्या पाण्यानं माणूस गप्पांतून उठून जातो, असं त्यांचं मत पडलं.

शेवटी मी सुंठ, धने, जिरे आणि गूळ उकळून, गाळून, थंड करून कषाय केलं. रंग असा उतरला की थेट ब्रँडी. मनात म्हटलं, सुटले! आता कुणाला कळायचं नाही, कुणी आग्रह करायचं नाही. संध्याकाळी मी दाराआडून कान देऊन उभी होते. केशवराव खुशीत म्हणाले, "वा, आज दुसरा चालू वाटतं!" आणि भावोजी शांतपणे म्हणाले, "नाही रे, हे आमच्या वहिनींचं कषाय आहे."

ते आत आल्यावर मी त्यांना धारेवर धरलं. "एवढा रंग कशाला जुळवला मी?"

"चोरून काय प्यायचं, वहिनी? चोरूनच प्यायचं तर दारू काय वाईट होती?"

आणि खोडी तरी किती! आज सुंठ जास्त झाली, आज गूळ मिळमिळीत आहे, आज नीट गाळलं नाही. कुणाकडे लग्न असो, बारसं असो, दसऱ्याची मेजवानी असो, फिरकीच्या तांब्यात कषाय भरून बरोबर न्यायचे आणि यजमानासमोर खुशाल ओतून घ्यायचे. सोबत्यांना वाटे, एक चालतो तर दुसऱ्यानं काय घोडं मारलंय? इकडे देवळात बायका मला विचारायच्या, "तुमचे दीर अजून घेतात ना?" मी म्हणायची, "एक." "म्हणजे घेतातच," असं म्हणून त्या एकमेकींकडे बघायच्या. ना धड इकडचे, ना तिकडचे. अशी वर्षं गेली.

मग इंदूची, माझ्या मुलीची, सोयरीक बंगळूरला ठरली. साखरपुड्याला पाहुणे आले तेव्हा भावोजींनी त्यांच्या स्वागताचा एक पेला घेतला. संध्याकाळी पुरुषमंडळी मागच्या पडवीत बसली. मुलाचे चुलते लष्कराला दाणावैरण पुरवणारे ठेकेदार, आवाज मोठा, हात सैल. त्यांनी स्वतः पेला भरून भावोजींपुढे केला. "स्वल्प तोगोळ्ळी, थोडी घ्याच. हा सोयरिकीचा पेला!"

"माझा आजचा झाला," भावोजी म्हणाले आणि कषायाचा पेला उचलला. "आनंद मी यात मानतो."

"मुलीचा काका आमच्या हातचं घेत नाही? आमच्यात काही उणं दिसलं काय?"

हे, म्हणजे माझे यजमान, डोळ्यांनी खुणा करून दमले. मला राहवेना. रीत सोडून मी पडवीच्या दाराशी गेले आणि म्हटलं, "भावोजी, आजच्या दिवस घ्या ना!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भरलेल्या पेल्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसले. ठेकेदार उठले, शाल खांद्यावर टाकली आणि जटक्यात, म्हणजे इकडच्या टांग्यात, जाऊन बसले. त्यांच्यामागून सगळे मुक्कामाच्या धर्मशाळेत निघून गेले. मधल्या खोलीत इंदू नव्या लुगड्यात बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मी त्या संध्याकाळी भावोजींना काय काय बोलले! पोरीचं लग्न मोडलंत, घोटभर हट्टापायी मोडलंत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "दुसरा घेतला की तिसऱ्याला नाही म्हणणारा माणूस माझ्यात उरत नाही, वहिनी. सकाळी जाऊन त्यांचे पाय धरतो. पण पेला नाही धरणार."

पाय धरायची वेळ आली नाही. सकाळीच मुलाची आई एकटी आमच्या दारात उतरली. म्हणाली, "काल मी खिडकीतून बघत होते. आमच्या घरात भरल्या पेल्यावर हात ठेवलेला मी कधी पाहिला नाही. मुलगा माझा आहे, त्याच्या काकांचा नाही. दिरांना मी बघून घेते. लग्न होईल." मग हळूच म्हणाली, "ते कषाय कसं करता, दाखवाल?" मी तिला चुलीपाशी नेलं. डोळे पुसत सुंठ ठेचत होते, तेवढ्यात बाहेरून भावोजींचा आवाज आला, "सुंठ बेतानं घाला म्हणावं त्यांना!"

गेल्या महिन्यात त्यांना ताप आला आणि छातीत उतरला. डॉक्टरांनी ब्रँडी लिहून दिली. कोमट पाण्यात चमचा-चमचा, दिवसातून अनेकदा. सकाळचा चमचा त्यांनी घेतला. दुपारी मी दुसरा नेला तर वास घेऊन तोंड मिटलं.

"हे सकाळी झालं."

"अहो, हे औषध आहे! डॉक्टरांनी सांगितलंय!"

"त्यांना सांगा, माझा आजचा झाला."

मी रागावले, रडले. बंगळूरहून आलेल्या इंदूनं विनवलं. हे ओरडले. शेवटी केशवरावांना बोलावलं. ज्या माणसानं उभा जन्म भावोजींना दुसरा पेला पाजायची खटपट केली, तो उशाशी बसून गयावया करू लागला, "यशवंता, घे रे. एकदा तरी माझं ऐक." भावोजींना हसू आलं. हसता हसता खोकल्याची उबळ आली, पण हसले ते खरं. चमचा तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चमचा पुढे केला तेव्हा त्यांनी निमूट तोंड उघडलं. तो त्या दिवसाचा पहिला होता, हक्काचा. सावकाश, चवीनं गिळला. दुपारच्या आत गेले.

डॉक्टर म्हणाले, आणखी चमच्यांनी काही फरक पडला नसता. मी ऐकून घेतलं. त्यांच्या खोलीत ती बाटली अजून आहे, जवळजवळ भरलेली. हे म्हणतात, देऊन टाक कुणाला तरी. केरवारा करायला जाते तेव्हा ती समोर दिसते आणि माझं डोकं फिरतं. मग तिथंच उभी राहून मी भावोजींशी भांडते, मोठ्यानं, की दोन चमचे घेतले असते तर तुमचं काय गेलं असतं... आणि मधल्या खोलीतून हे विचारतात, "कोण आलंय गं?"