मण्यांचं वाण

अमेरिकेतल्या ट्रॉय गावात आमच्या अपार्टमेंटच्या लाँड्री रूममध्ये एका दुपारी माझं मंगळसूत्र तुटलं. तुटलं म्हणायचं नसतं, वाढवलं म्हणायचं असतं, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण काळे मणी टणाटण उड्या मारत ड्रायरखाली पळाले तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं, त्यात 'वाढवलं' नव्हतं एवढं खरं. मी गुडघ्यांवर बसून मणी वेचायला लागले, तर शेजारी आणखी एक बाई येऊन बसली. उंच, काळीसावळी, केस अगदी बारीक कापलेले, अंगात निळा युनिफॉर्म. ती म्हणाली, "एकही सोडायचा नाही हं, मी खाली हात घालते, तू फ्लॅशलाइट आण."

ही माझी समोरच्या दारातली शेजारीण. ओळख झाली ती अशी, ड्रायरखाली. केनियातली मासाई. वृद्धांच्या होममध्ये नर्सिंग असिस्टंटची नोकरी करायची. तिनं ते मणी मुठीत घेतले, मला तिच्या घरी नेलं आणि कुठलातरी चिवट दोरा काढून माझ्या डोळ्यांदेखत पोत ओवून दिली. मी भाजी चिरायला घेते त्या वेगानं ती मणी ओवत होती. ते मंगळसूत्र आजतागायत पुन्हा वाढवावं लागलेलं नाही.

तिच्या घरात सोफ्यामागे एक भलीमोठी बॅग होती. उघडली तर नुसते रंग! लाल, निळे, केशरी, पांढरे मणी. रुंद गळपट्टे, कानातली, बांगड्या. तिची आई आणि गावातल्या बायका झाडाखाली बसून हे करायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तिच्याकडे पाठवायच्या. ही उन्हाळ्यात शनिवारच्या बाजारात टेबल मांडून ते विकायची आणि पैसे गावी धाडायची. प्रत्येक वस्तूच्या फाशाजवळ दोन-तीन मणी वेगळ्याच रंगाचे असायचे. ती त्या बाईची खूण. कुणाची वस्तू खपली, कुणाची राहिली, ते त्यावरून कळायचं.

ही गोष्ट दोन हजार पाचच्या आसपासची. माझा व्हिसा डिपेंडंट, म्हणजे काम करायला बंदी. घरी बसून बसून मला वेड लागायची पाळी आली होती. मग मी दुपारी तिच्याकडे जाऊन मण्यांना हुक लावत बसायला लागले. नवरा म्हणायचा, "फुकट राबायला व्हिसा लागत नाही ते बरंय." म्हणू दे. मला मजा येत होती.

त्या डिसेंबरात चर्चमधला ख्रिसमस बाजार बर्फामुळे कॅन्सल झाला. तिची सगळी भिस्त त्या बाजारावर होती. बॅग जशीच्या तशी भरलेली. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "आमच्याकडे जानेवारीत शाळा सुरू होतात. मोठ्या मुलांना बोर्डिंगात घालायचं तर फेब्रुवारीच्या आत फी भरावी लागते. आईचा फोन येतो, बायका विचारतायत म्हणते. या बॅगेत त्यांच्या पोरांची फी आहे गं."

मी म्हटलं, "हात्तिच्या! एवढंच ना? आमची संक्रांत येतेय." आणि तिला सांगितलं, की मंडळाचं हळदीकुंकू असतं, सगळ्या बायका काळ्या साड्या नेसून येतात, काळ्यावर तुझे हे रंग असे काही उठून दिसतील की हां हां म्हणता बॅग रिकामी होईल. मंडळाच्या अध्यक्षीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "लावू दे की टेबल, काही प्रॉब्लेम नाही." तेवढ्यावर मी निश्चिंत झाले. तिथंच घोडं पेंड खाणार होतं, पण तेव्हा कुठं कळतंय!

हळदीकुंकू एका शाळेच्या कॅफेटेरियात होतं. सकाळपासून बर्फ. मी शेजारणीला आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंना गाडीतून घेऊन गेले. या काकू म्हणजे नवऱ्याच्या मित्राची आई, साताऱ्याहून सहा महिने मुलाकडे आलेल्या. "मी कशाला गं हळदीकुंकवाला? मला कोण कुंकू लावणारे?" असं म्हणत होत्या. काका जाऊन फार वर्षं झाली होती. मी म्हटलं, "काकू, घरी बसून काय खिडकीतून बर्फ मोजणार आहात? चला." आणि त्यांना ओढूनच नेलं.

पोचल्यावर मी किचनमध्ये अडकले. मसालेभात गरम करायचा होता, तिळगुळाच्या वड्या मांडायच्या होत्या. बाहेर काय चाललंय बघायला सवड नव्हती. बाहेर झालं होतं असं, की वाण आणणारी बाई हायवेवर बर्फात अडकली होती. वाण म्हणजे दरवर्षीचे प्लॅस्टिकचे डबे, ते तिच्या डिकीत. आणि अध्यक्षीणबाईंनी शेजारणीचं टेबल मांडलं होतं कुठं, तर दारातून आत आल्यावर हळदीकुंकवाच्या ताटाला अगदी लागून.

आता सांगा, मराठी बाईला यात काही समजावून सांगावं लागतं का? आत आलं, कपाळाला हळदकुंकू लागलं, हातावर तिळगूळ पडला, पुढच्या टेबलावर ओळीनं वस्तू मांडल्यात, म्हणजे ते वाण. एकेक उचलायचं आणि पुढं व्हायचं. पन्नास वर्षं आपण तेच करत आलोय! बायका आल्या, शेजारणीलाही कौतुकानं कुंकू लावलं, तिच्या हातावर तिळगूळ ठेवला, "गोड बोला" म्हणाल्या आणि एकेक वस्तू उचलून चालू पडल्या. ज्यांच्या मुली बरोबर होत्या त्यांनी दोन दोन उचलल्या. "अय्या, या वर्षी वाण कित्ती युनिक आहे ना!" मी हे किचनमधून ऐकलं सुद्धा. मला वाटलं, डब्यांचं कौतुक चाललंय.

मी हात पुसत बाहेर आले तर टेबल साफ. मला असा आनंद झाला की विचारू नका. शेजारीणही हसत होती. तिच्या हातात शेवटची एक बांगडी राहिली होती, तांबड्या-पांढऱ्या मण्यांची. तिनं इकडे तिकडे पाहिलं. हीटरजवळच्या खुर्चीत काकू एकट्याच बसल्या होत्या, कपाळ मोकळं, हात मोकळे. ताट त्यांच्याकडे वळलंच नव्हतं. शेजारीण सरळ त्यांच्यापाशी गेली, खाली वाकली आणि ती बांगडी त्यांच्या मनगटावर बांधली. काकू नुसत्या मनगटाकडे बघत राहिल्या.

परतताना गाडीत शेजारणीनं सहज विचारलं, "तुमच्यात पैसे कधी देतात? नंतर घरी आणून देतात का?"

मी करकचून ब्रेक मारला. बर्फावरून गाडी सरकत जाऊन कडेच्या ढिगाऱ्यात रुतली.

"म्हणजे? कुणीच दिले नाहीत?"

"नाही ना. तूच म्हणालीस, आधी कुंकू लावतील, गोड देतील, मग वस्तू निवडतील. मला वाटलं शेवटी देतात. एवढ्या मोठ्या बायका कपाळाला हात लावून आशीर्वाद देत होत्या. त्यांच्याकडे मध्येच पैसे कसे मागायचे?" मग हळूच म्हणाली, "आईला काय सांगू आता? मणीही गेले आणि पैसेही नाहीत."

माझं डोकंच सटकलं. अध्यक्षीणबाईंना काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. "आत्ता घरी जाऊन एकेकीला फोन करते. मुकाट्यानं वस्तू परत आणा, नाहीतर पैसे मोजा!"

मागच्या सीटवरून काकूंचा आवाज आला. "वाण परत मागतात का गं कधी?"

"काकू, वाण नव्हतंच ते!"

"कुंकू लावून हातात पडलं ना? मग झालं ते वाण. परत मागायचं नाही आणि त्याचे पैसेही घ्यायचे नाहीत." त्या मनगटावरची बांगडी फिरवत होत्या. "आणि मी तर ही देणारच नाहीये."

"अहो, पण तिकडे त्या पोरांची फी!"

"ओरडतेस काय? रथसप्तमीला अजून अवकाश आहे. बोलव सगळ्यांना घरी आणि हिची ओटी भरा. जिनं तिनं जे घेतलं त्याच्या मानानं ओटीत ठेवावं. तो काही वाणाचा दाम नाही, तो मान आहे."

हे मला सुचायला हवं होतं की! शेजारणीला इंग्रजीत सगळं समजावलं. तिला कितपत पटलं देव जाणे. "तुझ्या बायका येतील?" एवढंच तिनं विचारलं.

गाडी कशीबशी ढिगाऱ्यातून काढली आणि घरी पोचल्यावर फोन केले. प्रत्येकीनं आधी "अय्या!" केलं आणि मग "ई, काय वाटलं असेल गं तिला!" केलं. एकीनं तिची कानातली न्यू जर्सीच्या नणंदेला कुरिअर करून टाकली होती. एकीची मुलगी गळपट्टा घालून शाळेत मिरवून आली होती. अध्यक्षीणबाई मात्र म्हणाल्या, "चूक माझी आहे. पहिली ओटी मी भरणार."

त्या आठवड्यात ट्रॉयच्या इंडियन ग्रोसरीतले नारळ संपले. दुकानदार मला म्हणाला, "काय यार भाभी, कुठं यज्ञ आहे काय?"

शनिवारी आमच्या वन-बेडरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेरच्या पॅसेजमध्ये ओल्या बुटांचा डोंगर. शेजारीण ड्यूटीवरून आली, घरी जाऊन अंगावर ते लाल चौकड्यांचं मासाई कापड गुंडाळून आली. पदर नव्हता, त्याची ती सोय. मी तिला चटईवर बसवलं. अध्यक्षीणबाई तांदूळ, नारळ, ब्लाउजपीस आणि पाकीट असं ताट घेऊन पुढं झाल्या.

शेजारणीनं पसरलेलं कापड मागं घेतलं.

"आधी त्या," ती म्हणाली आणि खिडकीजवळ बसलेल्या काकूंकडे बोट दाखवलं.

मी पुढं सरसावून समजावायला लागले. "अगं, त्यांचे मिस्टर नाहीयेत ना, त्यामुळे आमच्यात ओटी..." वाक्य पुढं जाईना. इंग्रजीत ते फारच वाईट ऐकू येत होतं.

"माझे वडीलही नाहीत," ती म्हणाली. "गावात मणी वाटायच्या आधी माझी आईच सगळ्यांना आशीर्वाद देते, कारण ती सगळ्यात मोठी. ती बसली नाही तर कुणी सुईला हात लावत नाही. इथं या मोठ्या. मोठीनं दिलं नाही तर मी घेऊ कशी?"

"अगं, घे गं बाई," काकू कळवळून मराठीतच म्हणाल्या. "माझ्यापायी पोरांची फी अडवू नकोस. मला नको मध्ये ओढू."

ती उठली. काकूंसमोर जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी ते लाल कापड धरून थांबली. अशी थांबली की रात्रभर उभी राहिली असती. मला रडू फुटायला लागलं आणि त्याचा रागही येत होता, की हे बोलायला आम्हा इतक्या जणींत एकीचीही जीभ उचलली नव्हती, मी धरून.

अध्यक्षीणबाईंनी आपलं ताट काकूंच्या हातात दिलं.

काकूंच्या मनगटावरचे मणी हलत होते. त्यांनी पाच ओंजळी तांदूळ घातले, नारळ ठेवला आणि कमरेच्या बटव्यातून घडी घातलेल्या नोटा काढून तांदळात खोचल्या. "सुखी राहा. तुझ्या गावच्या सगळ्या लेकरांना विद्या येऊ दे," म्हणाल्या. मग बाकीच्यांची रांग लागली. नारळावर नारळ, पाकिटावर पाकीट. कापड इतकं जड झालं की दोघींना खालून आधार द्यावा लागला, आणि सगळ्या खदाखदा हसायला लागल्या. कुणीतरी विचारलं, "एवढ्या नारळांचं करणार काय ही?" मी म्हटलं, "वड्या करणार आपण, आणि किसणार तुम्ही!"

शेजारणीनं तांदळातली पाकिटं चाचपली. एक लांब श्वास सोडला. "पुरतील," एवढंच म्हणाली. मग काकूंचा हात हातात घेऊन तिनं बांगडीचा फासा उलटा केला. तिथं दोन निळे मणी आणि एक पिवळा होता.

"ही माझ्या आईच्या हातची," ती म्हणाली. मी काकूंना मराठीत सांगितलं.

काकूंनी त्या मण्यांवरून बोट फिरवलं. "तिला सांग," त्या म्हणाल्या, "तुमचे काका गेल्यापासून पहिल्यांदा मला वाण मिळालं."

मी ते शेजारणीला सांगायला गेले. वाण म्हणजे काय ते इंग्रजीत काही केल्या सांगता येईना. शेवटी तो शब्द तसाच ठेवला. तिनं माझा फोन घेतला, कॉलिंग कार्डाचे आकडे दाबले आणि माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून आईशी बोलायला लागली. भरभर, हसत, मध्येच डोळे पुसत. तिच्या भाषेतलं मला अक्षर कळत नव्हतं. पण काकू आणि मी दोघी कान देऊन ऐकत होतो, आणि त्या सगळ्या बोलण्यात आम्हाला एकच शब्द ओळखू आला. वाण.